बाळ का थरथरतं? आईला आधी सांगा

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात तान्ह्या मुलांसाठी एक गोळी मिळायची. तिला बाळागोळी म्हणत, आणि तिच्यात अफू असायची. आईची दहा-दहा तासांची पाळी, घरी सांभाळायला धड कुणी नाही; मग बाळाला गोळी चाटवायची, कुणाच्या तरी हवाली करायचं आणि गिरणी गाठायची. कामगार बायकांच्या परिस्थितीची पाहणी करायला मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंना नेमलं होतं. १९२२ साली त्यांनी नोंदवलं, की गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या बायकांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते. पुढे १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा झाला.

अफूने बाळ झोपतं, यात कोडं काही नाही. कोडं पुढचं आहे. रोज गोळीवर असलेल्या बाळाची गोळी चुकली, तर ते गोळी सुरू होण्याआधी रडायचं तेवढंच रडत नाही. ते त्याच्या कितीतरी पट रडतं, हातपाय थरथरतात, दूध ओकतं, पातळ शी होते. परत गोळी दिली की निवांत. बघणाऱ्याला वाटणार, या लेकराला गोळी मानवते, किंबहुना लागतेच.

आज परभणीच्या औषध दुकानात बाळागोळी कुणी मागत नाही. पण हेच कोडं आता गोळी न चाटलेल्या बाळांमध्येही दिसतं. आई गरोदरपणात अफूगटातलं औषध घेत असेल, तर बाळ जन्मतं ठणठणीत आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक बिथरतं. आईला आधी सांगितलेलं नसेल, तर ती घाबरते. सांगितलेलं असेल, तर बहुतेक वेळा तीच या दुखण्यावरचं पहिलं औषध ठरते.

नाळ तोडली की काय होतं?

अफूगट म्हणजे अफूपासून काढलेली किंवा तिच्यासारखंच काम करणारी औषधं. मॉर्फिन त्यात येतं, काही खोकल्याच्या औषधांतलं कोडीन येतं, कंबरदुखीसाठी लिहून दिलं जाणारं ट्रॅमाडॉल येतं, आणि गर्द किंवा ब्राउन शुगर म्हणून विकलं जाणारं हेरॉइनही येतं. ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं ते २०१८ मध्ये. तोपर्यंत ती साधी वेदनाशामक गोळी समजली जायची. ही सगळी औषधं वार ओलांडून बाळाच्या रक्तात सहज उतरतात.

मेंदूच्या बुडाशी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. शरीराला जागं, सावध ठेवणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन नावाचं रसायन तो सोडतो. अफूगटाची औषधं या पुंजक्याला दाबून ठेवतात. बाळाचा मेंदू मात्र स्वस्थ बसत नाही. दाब रोजचाच आहे म्हटल्यावर तो उलटा जोर लावायला शिकतो आणि समतोल साधतो. उसाने भरलेली गाडी चढावर ओढणारे बैल आठवा. ओझं आहे म्हणून ते माना खाली घालून सगळं बळ लावत असतात. अशात गाडी मागच्या मागे सुटली, तर तेच बळ त्यांना पुढे फेकतं आणि ते भेलकांडतात. नाळ तोडली की औषधाचं ओझं असंच एकाएकी सुटतं. बाळाने महिनोन्‌महिने लावलेला जोर तेवढाच राहतो.

म्हणून मग किंचाळल्यासारखं, चिरकं रडणं. अंग ताठ, हातपाय थरथरते. शिंका आणि जांभया लागोपाठ. घाम, अंगावर लाल-निळसर जाळी, हलका ताप. ओठ सारखे चोखत राहतात, पण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसत नाही, त्यामुळे भूक असूनही दूध पोटात जात नाही. वारंवार पातळ शी होऊन बूड सोलवटतं. क्वचित झटकेही येतात. गर्भात अफूगटाशी संबंध आलेल्या बाळांपैकी ५५ ते ९४ टक्के बाळांत यातलं काही ना काही दिसतं, असं वैद्यकीय साहित्य सांगतं.

याला 'व्यसनी बाळ' म्हणणं चूक आहे. व्यसनात ओढ असते, शोध असतो, परिणाम दिसत असूनही हात पुढे जाणं असतं. तीन दिवसांच्या लेकराला यातलं काहीच नसतं. त्याच्या शरीराला सवय झाली होती आणि ती सुटते आहे, इतकंच. जोर हळूहळू ओसरतो, बाळ सावरतं.

अठ्ठेचाळीस तासांची अडचण

हेरॉइन शरीरातून लवकर उतरतं, त्यामुळे त्याची लक्षणं पहिल्या दिवसातच दिसू लागतात. व्यसनाच्या उपचारात वापरली जाणारी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही अफूगटातलीच औषधं सावकाश उतरतात. त्यांची लक्षणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं वर काढतात, कधी त्याहूनही उशिरा. म्हणून अशा बाळावर चार ते सात दिवस दवाखान्यातच लक्ष ठेवावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात.

आता हे आपल्याकडच्या रिवाजाशी ताडून बघा. सरकारी दवाखान्यात सरळ बाळंतपण झालं आणि सगळं ठीक असलं, की दोनेक दिवसांत सुट्टी मिळते. घरी सोडायला १०२ ची गाडी. म्हणजे परभणीच्या स्त्री रुग्णालयातून सुट्टी होऊन बाळंतीण पालमला किंवा सोनपेठला पोचते, पाय धुऊन आत येते, आणि त्या रात्री बाळ थरथरायला लागतं. घरातली मोठी माणसं आधी दृष्ट काढतात. मग कुणी म्हणतं झटके आहेत, कुणी म्हणतं पोटात दुखतंय, गुटी उगाळा. पुन्हा दवाखाना गाठेपर्यंत बाळाचं वजन उतरलेलं असतं.

दवाखान्यातही गल्लत होऊ शकते. नवजात बाळ थरथरण्याची जास्त ओळखीची कारणं म्हणजे रक्तातली साखर किंवा कॅल्शियम कमी होणं, नाहीतर जंतुसंसर्ग. ती तपासायलाच हवीत. पण आईने गोळीचं सांगितलेलं नसेल, तर चौथं कारण डॉक्टरांच्या मनात येणार कसं? परभणी म्हणजे पंजाब नव्हे. असं बाळ इथे रोज दिसत नाही, आणि म्हणूनच ते ओळखू न येण्याचा धोका इथे जास्त. 'आपल्याकडे असलं काही नाही' असं मात्र म्हणता येत नाही. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ७७ लाख लोकांना अफूगटाच्या सेवनासाठी मदतीची गरज होती. त्यातले निम्म्याहून जास्त ज्या आठ राज्यांत होते, त्यांत महाराष्ट्र आहे.

मग गोळी बंदच केली तर?

गरोदर बाईच्या मनात हा प्रश्न पहिला येतो, आणि घरचेही तेच म्हणतात: लेकरासाठी एवढं करता येत नाही का? उत्तर वरवर उलटं वाटेल. एकाएकी बंद करू नये. आईच्या शरीरात औषध तुटलं की जे वादळ उठतं, ते पोटातल्या बाळालाही हलवतं. गर्भपात आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा धोका त्यात असतो. शिवाय बंद केलेल्या बायका पुन्हा बाहेरच्या मालाकडे वळण्याची शक्यता मोठी. त्या मालात काय मिसळलंय, किती मिसळलंय, याचा काही भरवसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट सांगितलं, की अफूगटावर अवलंबून असलेल्या गरोदर स्त्रीला औषध तोडायला लावण्यापेक्षा मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनच्या नियमित उपचारावर ठेवावं. ही औषधं रक्तातली पातळी दिवसभर सारखी ठेवतात. चढ नाही, उतार नाही.

आपल्याकडे ब्युप्रेनॉर्फिन जास्त वापरात आहे. गोळी जिभेखाली ठेवायची, केंद्रात कर्मचाऱ्यांसमोर विरघळू द्यायची. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात ती मोफत मिळते. या दोन औषधांची गरोदरपणातली तुलना करणारा एक नावाजलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही औषधं उपयोगी पडली, पण ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या आयांच्या बाळांना लक्षणं आटोक्यात ठेवायला मॉर्फिन सरासरी १.१ मिलिग्रॅम लागलं, मेथाडोनच्या बाळांना १०.४ मिलिग्रॅम. दवाखान्यातला मुक्काम १० दिवस विरुद्ध साडेसतरा.

आणखी एक समज इथेच खोडायला हवा. 'डोस कमी ठेवला की बाळाला त्रास कमी' हे गणित बसत नाही. आईचा डोस आणि बाळाच्या लक्षणांची तीव्रता यांचा खात्रीचा संबंध अभ्यासांत आढळलेला नाही. उलट शेवटच्या तिमाहीत रक्ताचं प्रमाण वाढतं, औषध लवकर निघून जातं, आणि डोस वाढवावा लागू शकतो. तो वाढवला म्हणजे आई घसरली असं नव्हे.

तंबाखूची गोष्ट वेगळी. निकोटिनने बाळाची लक्षणं वाढतात. आणि आपल्याकडे बाई तंबाखू 'खात' नाही, मिश्री लावते; डॉक्टरांनी तंबाखू खाता का विचारलं तर प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा माग ठेवणारा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्री किंवा तत्सम तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. तेव्हा प्रश्न विचारताना मिश्रीचं नाव घेऊनच विचारावा.

खातं का, झोपतं का, शांत होतं का

बरीच वर्षं जगभर अशा बाळांना आईपासून वेगळं, अतिदक्षता कक्षात ठेवत. अमेरिकेतल्या डॉ. लोरेटा फिनेगन यांनी १९७५ च्या सुमारास लक्षणांना गुण देण्याची पद्धत बसवली. थरथरण्याला इतके, शिंकांना इतके. बेरीज ठरावीक आकड्यापुढे गेली की मॉर्फिनचे थेंब सुरू. पद्धत काटेकोर होती. पण गुण मोजायला बाळाला दर काही तासांनी उघडं करायचं, हलवायचं, आणि तेही दिवे आणि यंत्रांचे आवाज असलेल्या खोलीत. आधीच बिथरलेलं बाळ यात निवणार कसं?

येल विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. मॅथ्यू ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उलटं केलं. आई आणि बाळ एका खोलीत, दिवे मंद, माणसं कमी. गुणांच्या लांबलचक तक्त्याऐवजी तीन प्रश्न. बाळ नीट पितंय का, म्हणजे अंगावर छान ओढतंय का किंवा वाटी-चमच्याने एका वेळी निदान ३० मिलिलिटर घेतंय का? एक तास तरी सलग झोपतंय का? रडायला लागलं तर दहा मिनिटांत शांत करता येतंय का? तिन्ही होत असेल, तर शिंका किती आल्या याला महत्त्व नाही. होत नसेल, तर आधी जवळ घेणं वाढवायचं, आणि तरीही जमलं नाही तर औषध. २०१७ मध्ये त्यांनी मांडलेले आकडे बोलके आहेत: सरासरी मुक्काम २२.४ दिवसांवरून ५.९ वर आला, मॉर्फिन लागणारी बाळं ९८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर. एका रुग्णालयाचं यश म्हणून कुणी बाजूला सारू नये. २६ रुग्णालयांतल्या १,३०५ बाळांवर झालेला मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात बाळ घरी जाण्याजोगं व्हायला जुन्या पद्धतीने १४.९ दिवस लागले, नव्याने ८.२.

परभणीसाठी यातली आनंदाची बाब अशी, की या पद्धतीला महागडं यंत्र लागत नाही. बाळाला उघड्या छातीशी धरायची कांगारू पद्धत आपल्या सरकारी दवाखान्यांतल्या सिस्टर कमी वजनाच्या बाळांसाठी वापरतातच. आपली बाळंतिणीची खोलीही मुळात अंधारी, उबदार, आणि बाळ चोवीस तास आईच्या कुशीत. तेवढं बरोबर आहे. शेगडीचा धूर, गुटी, मध आणि पाचवीला खोलीत शिरणारी पंधरा माणसं मात्र टाळायची.

सातव्या महिन्यात काय शिकवायचं?

तयारी प्रसूतीआधी व्हायला हवी, कारण रडणाऱ्या बाळाला घेऊन बसलेल्या, टाके दुखत असलेल्या बाईला नवं काही शिकवता येत नाही. साधारण सातव्या महिन्यात, उपचार देणारे डॉक्टर, प्रसूतीतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्यापैकी निदान दोघांनी तिच्याशी एकत्र बोलावं. बाळांचा कक्ष आणि तिथल्या सिस्टर तिला आधीच दाखवाव्यात.

हातांचं शिक्षण बाहुलीवर करता येतं. दुपटं तिरकं अंथरायचं, वरचं टोक दुमडायचं, बाळाचे हात छातीजवळ घेऊन दुपटं सैलसर गुंडाळायचं, पाय पोटाकडे दुमडता येतील एवढी जागा ठेवायची. फार घट्ट नाही, तोंडावर नाही, आणि निजवायचं उताणं. थरथरणाऱ्या बाळाला जोरजोरात हलवायचं नाही. उभं, छातीशी धरून सावकाश वरखाली करायचं. एका वेळी एकच गोष्ट: झुलवत असाल तर गाऊ नका, गात असाल तर डोळ्यांत बघून खेळवू नका. अशा बाळाला दोन उत्तेजनं एकदम पेलत नाहीत. पाजायचं थोडं थोडं पण वारंवार. शी झाली की लगेच कोमट पाण्याने पुसून बुडाला मलम लावायचं.

अंगावर पाजण्याबद्दल बायकांच्या मनात भीती असते: माझ्या दुधातून गोळी जाईल ना? जाते, पण फार थोडी. आई ठरलेल्या उपचारावर असेल आणि बाहेरचं काही घेत नसेल, तर पाजावंच. पाजलेल्या बाळांची लक्षणं सौम्य राहतात. पुढे पाजणं थांबवायचं तेही एकदम नाही, हळूहळू.

चौकट: प्रसूतीला जाताना डॉक्टरांना सांगण्याच्या गोष्टी
*मी कोणती गोळी घेते, किती आणि शेवटची कधी घेतली. ती कळांच्या काळातही चालू ठेवायची आहे. कळा सोसण्यासाठी पेंटाझोसिनचं इंजेक्शन (अनेक ठिकाणी 'फोर्टविन' म्हणून ओळखतात) मला देऊ नये, त्याने औषध तुटल्याची लक्षणं एकदम उसळतात. बाळाचा श्वास मंद वाटला तर त्याला श्वासाची मदत द्यावी. अफूगटाचा असर एकदम उतरवणारं नॅलोक्सोन देऊ नये, झटके येऊ शकतात. आम्हाला दोन दिवसांत सुट्टी नको.*

माहेर, ऊसतोड आणि पोलिसांची भीती

पहिलं बाळंतपण माहेरी. समजा उपचार पुण्यात चालू आहेत आणि माहेर जिंतूर तालुक्यात. डोहाळजेवण झालं की लेक माहेरी येते, आणि गोळीचा दुवा तिथेच तुटतो. सासरी ठाऊक असतं, आईला सांगितलेलं नसतं. किंवा नवऱ्याला ठाऊक असतं, सासूबाईंना नाही. प्रसूतीच्या वेळी शेजारी बसणार ती आईच. म्हणून उपचार केंद्राने निघण्यापूर्वीच चिठ्ठी, पुढची सोय आणि घरातल्या एका माणसाला विश्वासात घेणं, ही तीन कामं करून ठेवायला हवीत. गंगाखेड, पाथरीकडच्या ऊसतोड कुटुंबांत तर दिवाळीनंतर घरच हलतं. फडावर सहा महिने राहणाऱ्या बाईचं औषध कोणत्या तालुक्यात मिळणार, हे कोयता उचलण्याआधी ठरायला हवं.

पोलिसांची भीती अनेकींना गप्प बसवते. अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४-अ स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनग्रस्ताला खटल्यापासून संरक्षण देतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सांगितलं आहे, की मानसिक आरोग्य केंद्रात उपचार घेणाऱ्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून वेगळं करायचं नाही. व्यसनावरचे उपचार या कायद्यात धरलेले आहेत. 'लेकरू काढून घेतील' या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या बाईला हे कुणीतरी वाचून दाखवलं पाहिजे.

मदत शोधायची झाली, तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि मानसिक आधारासाठी १४४१६ वर टेलिमानस. पुण्यात १९८६ मध्ये गर्दच्या लाटेत उभ्या राहिलेल्या 'मुक्तांगण'ने पुढे स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला. बाईचं व्यसन आणि पुरुषाचं व्यसन एका हॉलमध्ये सुटत नाही, हे ओळखून काढलेला.

सुट्टीनंतर

घरी गेल्यावर तीव्र लक्षणं ओसरली, तरी झोपेची आणि पाजण्याची कुरबुर काही आठवडे, कधी काही महिने राहते. इथे महाराष्ट्राकडे तयार व्यवस्था आहे. नवजात बाळाची काळजी खेड्यातल्या घरात घेता येते, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गडचिरोलीत दाखवलं. त्याचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला आणि तीच कल्पना पुढे देशभर आशाताईंच्या गृहभेटी झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. तिच्या पिशवीत वजनकाटा आणि थर्मामीटर असतोच. पिणं, झोपणं आणि शांत होणं हे तीन प्रश्न तिला शिकवायला एक दुपार पुरे.

बेचाळिसाव्या दिवशी मात्र सगळे हुश्श करतात, आणि आईसाठी अवघड काळ त्यानंतर येतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अफूगटावर अवलंबून असलेल्या बाळंतिणींचा माग काढणारा अभ्यास २०१८ मध्ये आला. अति-मात्रेचे प्रसंग गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत सगळ्यांत कमी होते, आणि सगळ्यांत जास्त बाळ सात ते बारा महिन्यांचं असताना. तोवर तपासण्या संपलेल्या, झोपेचं खोबरं झालेलं, आणि 'आता कशाला ती गोळी' म्हणणारं घरात कुणीतरी असतंच. आशाताईंच्या पुढच्या गृहभेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात ठरलेल्या आहेत. त्यातल्या दोन तर नेमक्या याच टप्प्यात पडतात. बाळाचं वजन करून झालं की आईलाही बाजूला घेऊन विचारता येतं: ताई, तुमची गोळी चालू आहे ना? मागच्या आठवड्यात एखादी चुकली का?